कोष, कारभार आणि द्वार : महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास, मांजरीच्या निमित्ताने

पुण्याहून सोलापूरकडे जाताना हडपसर ओलांडले की मांजरी बुद्रुक लागते. मुळा-मुठेच्या काठावरील हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. ऊस, भाजीपाला आणि द्राक्षे यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे; परंतु उच्च शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याच्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील सरकारी मळ्यावर उसाचे प्रयोग चालत. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९८९ पासून ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. १९९७ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र येथेच सुरू झाले. पुढे लोणी काळभोर येथे २०१५ च्या राज्य कायद्याने एक खाजगी स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठ उभे राहिले. आणि हा सर्व परिसर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतो.

केंद्राच्या तिजोरीतून चालणारे संशोधन केंद्र, कारखान्यांच्या वर्गणीचा आधार असलेली संस्था, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणारे विद्यापीठ आणि राज्याच्या अनुदानाशी बांधलेले सार्वजनिक विद्यापीठ, असे विद्येच्या चार कोषांचे चार प्रकार या थोड्या मैलांच्या टापूत एकत्र आढळतात. म्हणून महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा खर्च कोणी केला, कारभार कोणी पाहिला आणि द्वार कोणाला उघडले, या तीन प्रश्नांचा ऐतिहासिक विचार करण्यास मांजरी हे ठिकाण आम्हांस सोयीचे वाटते.

हे प्रश्न आधुनिक आहेत असा समज आहे. वस्तुतः ते महाराष्ट्राच्या लेण्यांइतके जुने आहेत. तेव्हा आरंभ तेथूनच करणे युक्त होईल.

लेण्यांतील अक्षयनीवी

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने चातुर्दिश भिक्खुसंघाला लेणे दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, दिली. ही रक्कम त्याने संघाच्या हाती रोख ठेवली नाही. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे गुंतविली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, तर दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ वाढीचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट लेखात स्पष्ट आहे.

येथे थोडा हिशेब करून पाहावा. २००० कार्षापणांवर महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. लेख सांगतो की या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा म्हणजे नेमके २४०. जितके उत्पन्न तितकाच नेमून दिलेला खर्च. मुद्दलाला धक्का नाही आणि दरवर्षी दात्याच्या दाराशी जाण्याची गरजही नाही. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला, असेही लेखात म्हटले आहे. दान राजकुलातील पुरुषाचे, ठेव कारागिरांच्या श्रेणीकडे, नोंद नगराच्या सभेत आणि उपभोग संघाचा, अशी ही चौपदरी रचना होती. कोणा एकाची मर्जी फिरली म्हणून वर्षावास बंद पडू नये, अशी तजवीज तिच्यात होती.

'चातुर्दिश' या शब्दाचेही महत्त्व आहे. दान अमुक गावच्या अथवा अमुक कुळाच्या भिक्खूंना नव्हते. चारी दिशांतून येणाऱ्या कोणाही भिक्खूला होते. पैशाची व्यवस्था स्थानिक, पण द्वार मात्र सर्वांना उघडे!

विनयातील कारभार

कोष सुरक्षित झाला तरी तो वाटणार कोण, हा प्रश्न उरतोच. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, सेनासनक्खन्धकात, यासंबंधीचे नियम आहेत. निवासाची व्यवस्था पाहणारा सेनासनपञ्ञापक, भोजनाची निमंत्रणे वाटून देणारा भत्तुद्देसक, कोठार सांभाळणारा भण्डागारिक, हे अधिकारी वरून नेमलेले नसत. संघापुढे ञत्ति, म्हणजे प्रस्ताव, मांडला जाई, घोषणा होई, कोणी हरकत न घेतल्यास निवड पक्की होई. पात्रतेची कसोटीही नमूद आहे. जो छन्द, दोस, मोह आणि भय या चार अगतींच्या आहारी जात नाही, आणि काय वाटले गेले व काय राहिले हे ज्याला ठाऊक आहे, तोच या कामास योग्य. आजच्या भाषेत, निःपक्षपात आणि हिशेबाचे ज्ञान या दोन अटी होत.

त्याच खन्धकात विहार, विहाराची जमीन, मंच-पीठ इत्यादी काही वस्तू 'अविस्सज्जिय' ठरविल्या आहेत. त्या संघालाही देऊन टाकता येत नाहीत, गणालाही नाही आणि व्यक्तीलाही नाही. म्हणजे बहुमत झाले तरी सार्वजनिक मालमत्ता विकता येत नाही. कारण संघ म्हणजे केवळ आज जमलेले भिक्खू नव्हेत. पुढे येणारेही त्यात धरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या सभापद्धतीचा उल्लेख केला, तो या परंपरेला उद्देशूनच.

नालंदेचा इतिहास याच्या दुसऱ्या बाजूचा आहे. ह्युएन त्संगच्या चरित्रात नालंदेस शंभर गावांचे उत्पन्न असल्याचे म्हटले आहे. इत्सिंग दोनशेहून अधिक गावे सांगतो. सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने पाच गावे दिल्याचा ताम्रपट तेथे सापडला आहे. हे वैभव मोठेच. परंतु गावांचे उत्पन्न राजसत्तेच्या छत्रावर अवलंबून होते. तेराव्या शतकात तिबेटी भिक्खू धर्मस्वामी तेथे पोहोचला तेव्हा वृद्ध आचार्य राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. आक्रमणाने इमारती पडल्या हे खरेच. पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, याचे एक कारण कोष एकाच छत्राला बांधलेला होता हे होय, असे आमचे मत आहे.

कंपनी सरकारपासून १९२८ पर्यंत

आधुनिक काळात १८५४ च्या वुडच्या खलित्याने भारतात अनुदानपद्धती आणली. सरकारने सर्व शाळा स्वतः चालविण्याऐवजी खाजगी संस्थांना तपासणीच्या अटीवर साहाय्य द्यावे, हे तिचे तत्त्व होते. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडनच्या धर्तीवर, परीक्षा घेणारे मंडळ म्हणून. संस्था काढण्यास जमीन, भांडवल आणि इंग्रजीशी परिचय लागे. ज्या जातींकडे हे होते त्यांनी संस्था काढल्या आणि अनुदान त्यांच्याकडेच गेले. नियम सर्वांना सारखा होता. प्रारंभबिंदू सारखा नव्हता.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची कमाल संख्या १०० ठरविली व निवडून येणाऱ्यांची संख्या २० ठेवली; बहुतेक सर्व सदस्य कुलपतींच्या नियुक्तीचे. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण हे प्रांतिक मंत्र्यांकडे आले, पण अर्थखाते राखीव राहिले. शाळा-महाविद्यालयांची जबाबदारी एकाकडे आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

याच काळात पाली भाषा विद्यापीठात आली, ती कोणत्या मार्गाने? धर्मानंद कोसंबी कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाचे काम सोडून महाराष्ट्रात आले ते सयाजीराव गायकवाड महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर. डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि १९१२ पासून कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवू लागले. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. सयाजीरावांचे ऋण मोठे आहे. परंतु एका विद्याशाखेचे आणि एका महापुरुषाचे शिक्षण एका राजाच्या सद्बुद्धीवर अवलंबून असावे, ही त्या राजाची थोरवी असली तरी त्या समाजव्यवस्थेची थोरवी नव्हे.

बाबासाहेबांचा हिशेब

बाबासाहेब मुंबई विधिमंडळात आले आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. हे भाषण अर्थशास्त्रज्ञाचे आहे. इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतो आणि अबकारीतून सरकार त्याच्या दुपटीहून अधिक वसूल करते, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. निदान जितके दारूतून घेता तितके तरी विद्येवर खर्च करा, अशी मागणी केली. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी ३६ टक्के भाग शुल्कातून निघतो, याकडे बोट दाखवून हा शिक्षणाचा व्यापार होय असे ते म्हणाले. घेतले तितके द्यावे, या तत्त्वावर शिक्षण खाते चालविता येणार नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता. लोकसंख्येत पुढे असलेले वर्ग महाविद्यालयीन शिक्षणात सर्वांत मागे कसे, हेही त्यांनी आकड्यांवरून मांडले.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी कारभाराच्या प्रश्नाला हात घातला. उच्च शिक्षण गरजू व गरीब यांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य आहे. तेव्हा ज्यांच्या दारापर्यंत ते पोहोचलेले नाही त्यांचे प्रतिनिधी अधिसभेत हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वर्गात पदवीधरच नाहीत त्याचा माणूस पदवीधरांच्या मतांवर निवडून येणार कसा? म्हणून त्यांनी नियुक्तीची मागणी केली. अधिसभेला ते केवळ विद्वानांची सभा मानीत नव्हते. विद्येचा लाभ कोणाला पोहोचतो आणि कोणाला नाही, यावर लक्ष ठेवणारी सभा मानीत होते.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या प्रयत्नांनी केंद्र सरकारने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मंजूर केल्या. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा उगम १९४४ च्या त्या योजनेत आहे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत पुढे 'मिलिंद' नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय निघाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करीत. द्वार उघडे ठेवणे म्हणजे वेळापत्रकाचाही विचार करणे होय, हे येथे दिसते. म्हणजे तिन्ही अंगे एकाच वेळी हाताळली गेली : शिष्यवृत्तीने कोष, प्रतिनिधित्वाने कारभार आणि स्वतःच्या संस्थांनी द्वार.

अनुदानाकडून विनाअनुदानाकडे

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने पुणे विद्यापीठाची निर्मिती झाली, बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. मूळ संविधानात शिक्षण राज्यसूचीत होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. सत्तरच्या दशकापासून अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्य शासनाने उचलला. खेड्यापाड्यांतील दलित, आदिवासी व शेतकरी कुटुंबांतील पहिली पदवीधर पिढी मुख्यतः या व्यवस्थेतून घडली. तिचे दोष अनेक; पण शुल्क नाममात्र होते आणि शिष्यवृत्ती पुरत होती.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व इतर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. ज्यांचे नाव आज मांजरीतील साखर संस्थेला आहे तेच हे वसंतदादा. कारणे खरी होती. महाराष्ट्रातील विद्यार्थी कर्नाटकात देणग्या देऊन प्रवेश घेत होते, आणि शासनाजवळ नवी महाविद्यालये काढण्याइतका पैसा नव्हता. जागा वाढल्या, हेही खरे. परंतु १९२७ साली ज्या ३६ टक्क्यांना व्यापार म्हटले गेले, त्याच्या जागी आता जवळजवळ संपूर्ण खर्च शुल्कातून काढण्याची रीत अधिकृत झाली. सहकारी साखर कारखानदारीतून उभे राहिलेले नेतृत्वच अनेक ठिकाणी या संस्थांचे चालक झाले.

यानंतरचा इतिहास बराचसा न्यायालयांत घडला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत व सशुल्क जागांची विभागणी केली; २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडली. २००५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार प्रकरणात, विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आरक्षण लादता येणार नाही, असा निर्णय झाला. त्यावर ९३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(५) घालून संसदेने मार्ग काढला. २०१५ च्या राज्य कायद्याने व्यावसायिक संस्थांच्या शुल्कासाठी नियामक प्राधिकरण आले. त्याच सुमारास स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठांचे स्वतंत्र कायदे होऊ लागले. त्यांना राज्याचे अनुदान नाही, आणि सार्वजनिक विद्यापीठासारखी पदवीधरांनी निवडलेली अधिसभाही नाही.

शुल्क वाढले तसा शिष्यवृत्तीचा अर्थच बदलला. पूर्वी ती विद्यार्थ्याच्या पोटासाठी होती; आता ती मुख्यतः संस्थेच्या शुल्काची प्रतिपूर्ती झाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला; त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. रक्कम लहान नाही. पण ती वेळेवर न आल्यास महाविद्यालय विद्यार्थ्याकडे तगादा लावते, निकाल अथवा दाखला अडतो, आणि पहिल्याच पिढीतील मुलगा किंवा मुलगी वर्गातून नाहीशी होते. उषवदाताने वर्षावास सुरू होण्यापूर्वी चीवराची सोय केली होती. येथे वर्षावास संपला तरी चीवर येत नाही.

अधिसभेचे मोल

कारभाराच्या इतिहासात १९७४ व १९९४ चे विद्यापीठ कायदे आणि सध्याचा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा, जो १ मार्च २०१७ पासून अंमलात आला, हे तीन टप्पे आहेत. सध्याच्या कायद्यानुसार व्यवस्थापन परिषद ही कार्यकारी व धोरणे ठरविणारी मुख्य संस्था आहे. अधिसभेकडे आर्थिक अंदाज, अर्थसंकल्पीय तरतुदी आणि समाजाचा अभिप्राय पोहोचविणे ही कामे आहेत. कुलगुरूंची निवड शोध समितीच्या यादीतून कुलपती म्हणजे राज्यपाल करतात. डिसेंबर २०२१ मध्ये मंत्र्यांना प्र-कुलपती करणारे व निवडीची पद्धत बदलणारे विधेयक विधिमंडळाने संमत केले. पुढील शासनाने ते मागे घेतले. त्या वादात राज्यपाल की मंत्री एवढीच चर्चा झाली. विद्यार्थी, शिक्षक आणि पदवीधर यांचा अधिकार किती, हे कोणी फारसे विचारले नाही.

विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न आमच्या समाजाने रक्त देऊन विचारलेला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. नावासाठी सोळा वर्षे झुंजणारा समाज त्याच विद्यापीठांच्या अर्थसंकल्पाविषयी मात्र उदासीन राहतो, हे आम्हांस विसंगत वाटते.

कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांमधून अधिसभेवर १० सदस्य निवडून जातात; त्यांपैकी ५ जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांसाठी प्रत्येकी एक अशा राखीव आहेत. १९२७ साली पदवीधर नव्हते म्हणून बाबासाहेबांना नियुक्ती मागावी लागली. आज आमचे पदवीधर हजारोंनी आहेत. पण पदवीधर म्हणून नाव नोंदविण्याचा अर्ज किती जणांनी भरला, हे प्रत्येक विहाराने आपल्या परिसरात विचारून पाहावे.

उपसंहार

पुन्हा मांजरीकडे वळू. साखर संस्थेच्या वर्गणीचे मूळ उसात आहे. तो ऊस तोडणारा मजूर सहकारी कारखान्याचा सभासद नसतो. सभासदत्व ऊस पिकविणाऱ्याचे. त्याच उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो आणि मद्यार्कावर शासनाला उत्पादन शुल्क मिळते. म्हणजे तोडणी मजुराच्या श्रमातून संस्थेचा कोषही भरतो आणि राज्याचाही. त्याच्या मुलीला शेजारच्या विद्यापीठात प्रवेश घेता येतो का, हा १९२७ चाच प्रश्न २०१५ नंतरच्या कायद्यांखाली पुन्हा उभा आहे. पैसा कोणाकडून येतो आणि विद्या कोणाकडे जाते, हा ताळा मांडल्याखेरीज शिक्षणाचा कोणताही अर्थसंकल्प पुरा झाला असे म्हणता येणार नाही.

आमच्या मते इतिहासातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, शिष्यवृत्तीचा पैसा वर्षाच्या आरंभी हाती यावा, आणि तो येईपर्यंत विद्यार्थ्याला आधार देणाऱ्या लहान अक्षयनीवी विहारांनी व संस्थांनी उभाराव्यात. मुद्दल राखून व्याजातून परीक्षा शुल्क भरण्याइतकी ठेव एखाद्या मध्यम वस्तीलाही अशक्य नाही. दुसरी, अशा ठेवीचा आणि आपल्या सर्व संस्थांचा हिशेब निगमसभेच्या फलकाप्रमाणे दर्शनी भागी लावावा. दुसऱ्यांच्या कारभारावर बोट ठेवताना आपला भण्डागारिक छन्द, दोस, मोह आणि भय यांपासून मुक्त आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. तिसरी, अधिसभेच्या मतदार यादीत आपली नावे असावीत आणि निवडून गेलेल्या सदस्याने अर्थसंकल्पाच्या सभेत पाली विभागातील रिक्त पदांपासून वसतिगृहाच्या तरतुदीपर्यंत प्रश्न विचारावेत.

राजा उदार असो वा नसो, शासन बदलो वा न बदलो, वर्षावास अखंड चालला पाहिजे, या हेतूने आमच्या पूर्वजांनी नियम केले आणि ते दगडावर कोरून ठेवले. ते वाचण्याची विद्या आज आम्हांस प्राप्त आहे. ते आचरणात आणण्याची जबाबदारीही आमचीच आहे.